पंढरीची गुपचूप तपासणी

...आणि वर म्हणे, "वळखीचं कोनी नको!" आता तुम्हीच सांगा, काल्हेरला जन्मलेला, काल्हेरलाच वाढलेला, एक्कावन्न वर्षांचा माणूस, ज्याची एक बहीण पूर्णेला दिलीय, दुसरी मानकोलीला, आत्या अंजूरला, साडू कोनगावला, त्याला ओळखीचं कोणी भेटणार नाय अशी जागा मी आणायची कुठनं? चंद्रावर नेला असता तरी तिथं कोणीतरी कमरेवर हात ठेवून खड्डा बघत उभा असता आणि म्हणाला असता, "काय पंढरीशेट, इकडं कुठं?"

नाय, तुम्ही हसताय, पण तेव्हा मी रडत होतो. म्हणजे तो रडत होता, मी स्कूटर चालवत होतो.

थांबा, तुम्हाला पंढरी कोण ते सांगतो, नायतर तुम्हाला वाटेल कोणी उनाड माणूस असेल. अहो, नाय हो! पंढरी भोईर म्हणजे देवमाणूस. बापजाद्यांच्या ज्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावला, त्याच शेतावर आता गोडाउन उभं हाय, आणि त्याच गोडाउनवर हा सुपरवायझर हाय, सकाळी शटर उघडतो, रात्री बंद करतो. जाईबाई, त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेली. पोरगी उन्नती तेव्हा अठराची. सगळे म्हणाले दुसरं लग्न कर. याचं एकच, "पोरगीचं शिक्षन होऊं दे." पोरगी शिकली, मानकोलीला लॉजिस्टिकच्या ऑफिसात लागली, कॉम्प्युटरवर बोटं फिरवायला लागली, आणि हा तिचा डबा भरायचा! भाकऱ्या अशा करायचा की भारताचा नकाशा बघून घ्यावा, पण करायचा.

तर असा हा माणूस. आणि पाप माझं हाय. माझं, म्हणजे या रामनाथचं. दीड वर्षापूर्वी आम्ही चौघं दमणला गेलो. पंढरी येत नव्हता, मी ओढून नेला. "अरे, किती दिवस असा कोपऱ्यात बसणार? समुद्र बघ, हवा खा." हवा त्यानं खाल्ली थोडी, आम्ही पाजलं जास्ती. दोन पेगात ज्याला झोप येते, त्याला आम्ही पाच पाजले. संध्याकाळी हॉटेलच्या बाहेर एक बाई त्याच्याशी गोड बोलली. कित्येक वर्षांत त्याच्याशी कोणी गोड बोललं नव्हतं हो... तो गेला तिच्याबरोबर. तासाभरानं परत आला तेव्हा तोंड असं, जसं काय देवळातली घंटा चोरून आणलीय. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काय न्हाय. घरी चल." बस्स. एकदाच. पुन्हा नाव नाय काढलं दमणचं, केळी सुद्धा घेताना विचारायचा, डहाणूकडची हायत का दमणकडची.

आता दुसरी बाजू ऐका. पूर्णेला गोडाउनांच्या रांगेच्या कडेला विनिताची खानावळ हाय. विनिता पण एकटी. तिचा नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होता, नऊ वर्षांपूर्वी घाटात अपघातात गेला. तेव्हापासून बाई एकटी दीडशे ड्रायव्हर-हमालांना जेवायला घालते आणि एकाची बिशाद नाय वर मान करून बोलायची. पंढरी तिच्याकडे जेवायला जायला लागला. पहिल्या महिन्यात "विनिताबाई, भाकरी." दुसऱ्या महिन्यात "विनिताबाई, भाकरी चांगली झाली." तिसऱ्या महिन्यात त्याच्या ताटात बोंबलाचा मधला तुकडा पडायला लागला. आपल्याकडे बोंबलाचा मधला तुकडा कोणी कोणाला उगाच देतं का? सख्खी आई देत नाय! गोडाउनवाल्या हमालांना कळलं, माझ्या बायकोला कळलं, फक्त या दोघांना कळायचं बाकी होतं.

मग एका रविवारी दुपारी खानावळ बंद असताना पंढरी तिचा एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करायला गेला. जास्त काय सांगत नाय. एवढंच सांगतो की फॅन अजून बंद हाय.

तुम्ही म्हणाल, अरे एवढा बाप्या माणूस, काळजी घ्यायची ना! घेणार होता हो! मनात आशा होती ना माणसाच्या. आधीच्या आठवड्यात मेडिकलमधे गेला होता तो. शर्टाला इस्त्री करून गेला होता. आणि काउंटरवर कोण? त्याच्या बहिणीचा पोरगा! "काय पाहिजे मामा?" मामा म्हणाला, "ग्राइप वॉटर." घरात चोवीस वर्षांची पोरगी, आणि हा ग्राइप वॉटरची बाटली घेऊन आला! मी विचारलं, दुसऱ्या मेडिकलमधे जायचं होतंस. म्हणाला, "तिथं पन वळखीचा होता."

तर रविवार असा झाला आणि गुरुवारी गोडाउनवर ड्रायव्हर लोकांसाठी आरोग्य शिबिर आलं. बीपी, शुगर, डोळे. आणि एक सिस्टर एचआयव्हीची मोठमोठी चित्रं घेऊन उभी, ड्रायव्हर लोकांना समजावतेय, "भैया, ऊपर से कुछ नहीं दिखता. आदमी एकदम तंदुरुस्त दिखता है. सालों तक पता नहीं चलता. और घर जाके बीवी को दे देता है." ड्रायव्हर लोक आपले केळी खात ऐकतायत, त्यांना रोजचं हाय. आणि मागे शटरला टेकून, हातात रजिस्टर घेऊन आमचा पंढरी उभा... त्याच्या डोळ्यांसमोर पहिलं दमण आलं, आणि मग एक्झॉस्ट फॅन आला. तो म्हणतो, "रामनाथ, मना माजी भीती वाटली न्हाय रं. पायाखालची जमीनच गेली, ती येगल्या कारनानं. मी तिला दिलं असंल तर?"

हे बघा, इथं हसू नका. इथं मी पण हसलो नव्हतो.

पण पुढं जे चालू झालं ना, त्याला हसल्याशिवाय इलाज नाय. पंढरीनं मोबाइलवर लक्षणं शोधली. आता मोबाइलला काय, त्याला शिंक विचारली तरी तो तिरडीपर्यंत नेतो! ताप? होता. कारण मे महिना होता. थकवा? होता. कारण झोपतच नव्हता. अंगावर डाग? एक जन्मापासूनचा तीळ होता, तो त्याला मोठा दिसायला लागला. रोज सकाळी फुटपट्टी लावून तीळ मोजायचा! डास चावला की अर्धा तास आरशासमोर. खानावळीत जाणं बंद. विनिताला काय सांगितलं? काहीच नाय! ती बिचारी रोज मधला तुकडा बाजूला काढून ठेवतेय आणि हा गोडाउनमधे बिस्किटं खातोय. मला आपलं वाटलं, ती म्हणत असेल, झालं, पुरुषाची जात, मतलब सरला.

आणि घरात? घरात तर कहर. यानं स्वतःचं ताट वेगळं केलं. खिळ्यानं ताटाच्या पाठी फुली मारली. तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा, तो वाळवायची दोरी पण वेगळी! उन्नतीनं याच्या ताटातली चटणी घ्यायला बोट पुढं केलं तर हा किंचाळला, "हात नको लावू!" पोरीला बाप जन्मात कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तिला पहिलं वाटलं, ऑफिसातला ओमकार आपल्याला घरी सोडायला येतो ते बाबांना कळलं. मग वाटलं, टीबी. मग वाटलं, त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी, आणि बाबा लपवतायत. एके दिवशी माझ्या दारात येऊन उभी राहिली, हातात ते फुलीवालं ताट. "काका, बाबा माझ्यासोबत जेवत पण न्हायत. ते मरनार हायत का?"

तुम्हाला सांगतो, ते ताट बघितलं मात्र, तसाच उठलो, गोडाउनवर गेलो, पंढरीला धरून खाडीच्या बांधावर नेला आणि म्हटलं, बोल. आणि बोलला तो. दमण, फॅन, शिबिर, तीळ, सगळं. बोलता बोलता असा हुंदके देऊन रडायला लागला की खेकडे, चिंबोऱ्या पकडणारी दोन पोरं पण थांबली बघत. मी म्हटलं, अरे येड्या, मग तपासून ये ना! तर डोळे पुसून काय म्हणाला असेल?

"जातंव. पन वळखीचं कोनी नको."

मग पहिलं गेलो त्या भिंतीवरच्या वैद्याकडं. माहिती हाय ना ती भिंत? प्रत्येक गावात असते. "निराश होऊ नका. शेवटचा इलाज." त्या भिंतीवर बाणच एवढे काढलेले की चुकायची सोयच नाय. आत एक माणूस, गळ्यात चार माळा, त्यानं पंढरीची नाडी धरली आणि डोळे मिटले. मी मनात म्हटलं, हा झोपला. तेवढ्यात बोलला, "बचपन में कुछ गलत आदत?" पंढरी म्हणाला, "तंबाकू." वैद्य म्हणाला, "वो नहीं..." आणि मग पाच मिनिटांत सात रोग सांगितले! सातवा तर बायकांना होणारा होता. "घबराओ मत, चालीस दिन का कोर्स है." मी विचारलं, "बाबा, रगत तपासणार नाय का?" म्हणाला, "हमें देख के ही पता चलता है." मी पंढरीला बखोटीला धरून बाहेर काढला. बघून कळत असतं तर ती शिबिरातली सिस्टर काय घसा फोडून सांगत होती?

शेवटी सरकारी हॉस्पिटल. भिवंडीत नको, ठाण्यात नको, खूप लांब एका ठिकाणी, नाव सांगत नाय. पंढरीनं वेश काय केला होता! डोक्यावर माकडटोपी, मे महिन्यात! काळा गॉगल, तोंडाला मास्क, वर रुमाल. मी म्हटलं, तपासायला चाललायस का बँक लुटायला? गेटवरच्या वॉचमननं सगळ्यांना सोडलं, यालाच अडवला.

चौकशी करत करत पोचलो त्या खोलीसमोर. तिथं नाव विचारलं नाय बघा, टोकन दिलं. नंबर अकरा. पंढरी खूश! "रामनाथ, चांगली पद्धत हाय रं. नाव न्हाय, गाव न्हाय." अकरा नंबर पुकारला. माझा हात धरून आत गेला. टेबलामागं समुपदेशक म्हणून एक तिशीतली मुलगी, केसांचा अंबाडा, समोर फाइल. तिनं मान वर केली. यानं मान खाली घातली. तिनं मास्क, गॉगल, माकडटोपी, सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "बसा, पंढरीकाका."

धम्मदिना! आमच्याच काल्हेरची! बौद्धवाड्यातल्या मास्तरांची पोरगी! लहानपणी पंढरीच्या शेतातल्या चिंचा पाडायची आणि हाच तिच्या मागं काठी घेऊन धावायचा!

पंढरी उठला. दाराकडं निघाला. दारात मी उभा. धम्मदिना आवाज न चढवता म्हणाली, "काका, या खुर्चीत बसले की मी काल्हेरची नसते. इथलं या खोलीबाहेर जात नाही. तसा कायदाच हाय. बाहेर तुम्ही भेटलात तर मी आधी ओळख पण दाखवणार नाही, तुम्ही बोललात तरच बोलेन. आता ती टोपी काढा, उकडत असेल."

टोपी काढली. केस घामानं चप्प. आणि मग त्यानं खाली बघत बघत सगळं सांगितलं. मला वाटलं ही पोरगी आता हसेल, नायतर तोंड वाकडं करेल. नाय हो! ती आपली लिहितेय, मधेच विचारतेय, "त्या वेळी कंडोम होता का?" जसं काय विचारावं, छत्री होती का. सांगितलं तिनं, की दमणवरनं आल्या आल्या, बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात आला असता तर एचआयव्ही रोखायच्या गोळ्या असतात. आता ती वेळ गेली, पण तपासणीची वेळ कधी जात नाय. मग पंढरीनं घसा साफ करून विचारलं, "ताई... म्हंजे बाळा... मी ताट येगलं केलंय, तांब्या येगला केलाय. आजून काय येगलं करू?"

तिनं पेन खाली ठेवलं. "काका, ताटानं हे पसरत नाही. तांब्यानं नाही, टॉवेलनं नाही. पोरीला जवळ घेतल्यानं नाही. आज घरी जा आणि तिच्या ताटात जेवा."

पंढरी तिथं पुन्हा रडला. आणि मी पण... जाऊ दे. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. तेवढ्यात धम्मदिना माझ्याकडं वळली. "रामनाथकाका, दमणला तुम्ही पण होता ना?"

मी म्हटलं, "मी गाडी चालवत होतो!"

"तीन दिवस सलग?"

मला बारा नंबर मिळाला.

रक्त दिलं. बाहेर बाकावर बसलो, पंढरीनं टोपी-गॉगल पुन्हा चढवलं. आणि आता जे सांगतो ते शपथेवर सांगतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. डोक्यावरनं ओढणी, ओढणीवर स्कार्फ, डोळे तेवढे दिसतायत. पंढरी इकडं टोपीत, ती तिकडं ओढणीत. दोघं एकमेकांकडं पाठ करून, जसे काय भांडलेले बैल. पंढरी माझ्या कानात, "ती बाई सारखी बगते. वळखीची असंल काय?" मी म्हटलं, तुला देव तरी ओळखेल का या अवतारात? तेवढ्यात आतनं पुकारा, "तेरा नंबर!" आणि ती बाई म्हणाली, "आले."

एकच शब्द हो. "आले." पण सात महिने ज्या आवाजात "आजून एक भाकरी घ्या" ऐकलं, तो आवाज माणूस विसरेल का? पंढरी स्प्रिंगसारखा उभा राहिला.

"विनिताबाई?"

ती वळली. मास्क, गॉगल, टोपी बघितली. "पंढरीशेट?"

मग पंढरी म्हणाला, "शुगर. शुगर तपासाया आलतो."

ती म्हणाली, "मी पन. शुगर."

आणि दोघांनी एकदम वर बघितलं. वर हातभर अक्षरांत पाटी: एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र.

आता कळलं का तुम्हाला? ती पण त्या शिबिरात होती! जेवणाचे डबे द्यायला आली होती, तिनं पण त्या सिस्टरचं ऐकलं होतं. आणि हिच्या मनात काय? नवरा लांबच्या गाडीवर होता, महिना महिना बाहेर, कुठं कुठं गेला असेल कोण जाणे, आपण आयुष्यात कधी तपासलंच नाय, आणि त्या साध्या माणसाला आपण काही दिलं असेल तर? आणि तो जेवायला यायचा बंद झाला तेव्हा तिला नक्कीच वाटलं, तो आजारी पडला, आणि आपल्यामुळंच! म्हणजे हा बिस्किटं खाऊन तिची काळजी करतोय, ती मधला तुकडा झाकून याची काळजी करतेय, आणि दोघंही एकाच हॉस्पिटलात, कारण दोघांनाही वळखीचं कोनी नको!

दुपारी एचआयव्हीचे रिपोर्ट आले. तिघांचे निगेटिव्ह. पुन्हा एकदा तीन महिन्यांनी तपासा म्हणाली धम्मदिना विनिता आणि पंढरीला, कारण त्यांचं ताजं हाय, लगेच दिसत नाय. पण आत्ता निगेटिव्ह! मी तर इतका खूश, इतका खूश, की घरी गेलो, चपला काढल्या नायत आणि बायकोला ओरडून सांगितलं, "माझा निगेटिव्ह आला!"

ती म्हणाली, "कशाचा?"

...त्याच्यावर मी आज काही बोलणार नाय. अजून केस कोर्टात हाय.

पंढरी घरी गेला. उन्नती जेवत होती. तिच्या बाजूला बसला आणि तिच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून खाल्ली. पोरगी बघत राहिली. मग यानं सांगितलं, सगळं नाय, पण खोटं पण नाय. की एक चूक झाली होती, भीती वाटली, तपासून आलो. पोरीनं उरलेली अर्धी भाकरी पण त्याच्यापुढं सारली. मग म्हणाली, "माझ्याशी बोलायचं ना, बाबा." आणि मग, "विनिता मावशीला बोललात का?" हा थक्क. "तुना कसं कळलं?" "बाबा, तुम्ही तीन महिने घरी बोंबील खात न्हाय. विचारलं की म्हणता, झाले खाऊन."

तुम्हाला वाटलं असेल, संपलं, गोड झालं. नाय! दोन दिवसांनी पंढरीला धम्मदिनाचा फोन. "काका, जरा येऊन जा." एचआयव्ही नाय, पण त्याच्या रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत सिफिलिस निघाला. गरमी म्हणतात आपल्याकडं. दमणचाच. आत शांत बसून राहिला होता दीड वर्ष, ना डाग, ना दुखणं. पंढरीचा चेहरा पांढरा. धम्मदिना म्हणाली, "बरा होतो, काका. पूर्ण बरा. इंजेक्शनं हायत. कधी लागला ते नक्की सांगता येत नाही म्हणून तुम्हाला तीन सोमवार. आणि विनितामावशींचा रिपोर्ट काय आला ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण रिपोर्ट काहीही असो, त्यांना पण इंजेक्शन लागेल. त्यांना तुम्ही सांगता का मी बोलवून सांगू?"

मी म्हटलं, पंढरी, हिलाच सांगू दे, सुटलास. आणि पंढरी, जो मेडिकलमधे एक शब्द बोलू शकला नाय, तो म्हणाला, "न्हाय. मीच सांगंन."

दुपारची गर्दी ओसरल्यावर खानावळीत गेला. मी बाहेर स्कूटरवर. विनिता उद्यासाठी तांदूळ निवडत होती. यानं उभ्या उभ्या सांगितलं. दमणला गेलतो, बाई होती, एकदाच, दीड वर्ष झालं, त्याचं हे निघालं, तुला पण लागलं असेल, माझी चूक हाय. एका दमात. "विनिताबाई" म्हणायचं पण विसरला.

ती तांदूळ निवडत राहिली. मग विचारलं, "कोन होती ती?"

"नाव पन म्हायती न्हाय."

"म्हंजे तिला पन कोनी सांगितलं न्हाय," विनिता म्हणाली. "ती तशीच हिंडत असंल बिचारी."

पंढरी मला म्हणाला, रामनाथ, तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घातल्या, घातल्या, त्या पण घातल्या! नंतर! आधी तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "तोंड लपवून बिस्किटं खात व्हता तुमी? मी इथं जेवन ठेवून बसत व्हते, आनि तुमी मना बोलला पन न्हाय? रोगाचं बगू, रोगाला विंजेक्शन हाय. याला काय हाय?" चार दिवस बोलली नाय त्याच्याशी. हा रोज जायचा, ती न बोलता ताट ठेवायची, ताटात शेपटीचा तुकडा. पाचव्या दिवशी ताट ठेवताना म्हणाली, "सोमवारी किती वाजता जायाचं?" पंढरीनं खाली बघितलं. मधला तुकडा होता.

आता ते इंजेक्शन. तुम्ही कधी घेतलंय का? नका घेऊ. म्हणजे लागलं तर घ्या, जरूर घ्या, पण उगाच नका घेऊ. साधं नसतं ते. पीठ कालवल्यासारखं घट्ट औषध, आणि एक नाय, दोन! एक डावीकडं, एक उजवीकडं. म्हणजे एका कुल्ल्यावर टेकायची सोय पण ठेवली नाय! आधी थोडंसं टोचून बघतात, सोसतंय का, मग खरं देतात. पंढरीला दिलं, आतनं आवाज आला, "आयो!" विनिताला दिलं, आवाज नाय. बाहेर येऊन पंढरीला म्हणाली, "एवडं काय वराडत होता?" आणि दोन पावलं चालली आणि भिंत धरली.

आणि तोच सोमवार नेमका माझ्या पुतण्याच्या, विशालच्या साखरपुड्याचा! दुपारची पंगत, काल्हेरच्या हॉलमधे, सगळं गाव, सगळे पाहुणे, पूर्णा, मानकोली, अंजूर, कोनगाव, एकूण एक वळखीचा! धम्मदिना पण आलेली. तिनं वचन पाळलं बघा, समोरून गेली, ओळखीची पापणी पण हलवली नाय. एका शब्दानं कोणाला काय कळलं नाय. सरकारी कागद गुपचूप, डॉक्टर गुपचूप, मी तर मेलेल्या माशासारखा गुपचूप.

पण हॉलमधे तीनशे खुर्च्या आणि तीनशे माणसं बसलेली... आणि दोनच माणसं उभी! एक या खांबाला, एक त्या खांबाला. "बसा की, पंढरीशेट." "न्हाय, उबा बरा हाय." "बस की गं विनिता." "नको, पाय मोकले करतंय." पंगत बसली. दोघं उभ्या उभ्या ताट हातात घेऊन. मग नवरीला आहेर द्यायला विनिता पुढं गेली ती अशी फेंगडत, आणि तिला वाट द्यायला पंढरी बाजूला झाला तो पण तसाच फेंगडत!

आमची राहीबाई. माझी चुलत आजी. नव्वदीची, कान गेलेत, पण डोळे घारीचे. ती अर्धा तास यांना बघत होती. आणि कान गेलेल्या माणसाचा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत हाय. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "गो विनिता! तू नि पंढरी एकाच स्कूटरवरना पडला काय गो?"

तीनशे माना वळल्या. पंढरीचं तोंड उघडं. विनिता लाल. उन्नतीनं तोंडात पदर कोंबला. मी म्हटलं, गेलं आता सगळं! पण कोणाच्याच डोक्यात दुसरं काही आलं नाय हो! सगळ्यांनी स्कूटर धरली! "म्हणजे हे दोघं स्कूटरवर फिरतात!" "आम्हाला वाटलंच होतं!" "अरे, बोंबलाचा मधला तुकडा, मी सांगितलं नव्हतं?" मेडिकलवाला भाचा तर टाळ्या वाजवायला लागला, "मामा! ग्राइप वॉटर!" म्हणजे त्याचं भलतंच चालू झालं.

राहीबाई काठी टेकत उठली. पंढरीला या हातानं धरला, विनिताला त्या हातानं. पंढरी घामाघूम. ज्या माणसाला ओळखीचं एक माणूस नको होतं, त्याला तीनशे ओळखीची माणसं बघत होती. आणि तुम्हाला सांगतो, तो पळाला नाय. विनिताकडं बघत होता. राहीबाई म्हणाली, "जाईबाय गेली, हिचा बी गेला. पोरगी मोटी जाली. आता लोकाना काय भेता? सांगा, पाटावर कवा बसता?"

विनितानं खांबाचा आधार घेतला, पदर खोचला आणि म्हणाली, "आजी, पाटावर बसाचं नंतर बगू... आदी खुर्चीवर तरी बसाया येऊं दे!"